अननसाचं फूल: तुरा लावण्यापासून जांभळ्या पाकळ्या मोजण्यापर्यंत

पिकलेला अननस सोलण्याआधी सालीवरचा एक डोळा निवडा आणि त्यावरचं वाळकं, टोकदार पान सुरीच्या टोकाने उचला. खाली एक छोटी पोकळी दिसेल आणि त्या पोकळीत सुकलेल्या दोऱ्यांसारखं काहीतरी अडकलेलं असेल. भिंगातून पाहिलं की ते सहा पुंकेसर आणि मधला एक स्त्रीकेसर आहे हे ओळखू येतं. त्याच्या थोडं आत, गरात, बारीक ठिपके असतात. ती न फळलेली बीजांडं. म्हणजे सालीवरच्या प्रत्येक डोळ्याच्या जागी काही महिन्यांपूर्वी एक फूल उमलून गेलेलं आहे. अशी शंभर ते दोनशे फुलं एकाच दांड्याभोवती दाटीवाटीने येतात. त्यांचे अंडाशय, सहपत्रं (प्रत्येक फुलाखालचं छोटं पान) आणि मधला दांडा मांसल होऊन एकमेकांत मिसळले की एक अननस तयार होतो.

अननस लावणाऱ्याने एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. किती फुलं येणार हे झाड पानांकडून फुलांकडे वळतं त्या सुमारालाच ठरून जातं. त्या वेळी झाड जेवढं भरलेलं, तेवढी फुलं आणि तेवढे डोळे. नंतर दिलेल्या खतापाण्याने प्रत्येक डोळा मोठा होतो, डोळ्यांची संख्या वाढत नाही. शिवाय एक खोड आयुष्यात एकदाच फुलतं. म्हणून पहिलं वर्ष-दीड वर्ष फळाचा विचार बाजूला ठेवायचा आणि फक्त पानं वाढवायची.

लावायला काय घ्यायचं

अननस बियांपासून लावत नाहीत. त्याची रोपं तीन ठिकाणांहून मिळतात: फळावरचा तुरा, फळाच्या खाली दांड्यावर येणारी छोटी पिल्लं, आणि खोडातून किंवा बुडख्यातून निघणारे मोठे फुटवे. फुटव्याला फळ लागायला साधारण १२ ते १५ महिने लागतात, दांड्यावरच्या पिल्लाला १५ ते १८, आणि तुऱ्याला १८ ते २४. कुंडीत आणखी सहा महिने ते वर्षभर धरून चाला. फुटवा मिळत असेल तर तोच घ्यावा. पण बहुतेकांच्या हाताशी तुराच असतो, आणि त्यातही काही कमी नाही, फक्त सबुरी हवी.

फळ घेताना तुरा हिरवा आणि टणक आहे ना ते पाहा. मधली कोवळी पानं बोटांनी हलकेच ओढून बघायची. सहज हातात आली तर आतला कोंब सडलेला आहे. कधीकधी तुरा आटोपशीर दिसावा म्हणून त्याचा मधला कोंब आधीच खुडलेला असतो. वरून डोकावून पाहिलं की मध्ये खड्डा दिसतो. असा तुरा सरळ वाढत नाही, फार तर बाजूने फुटतो. बराच काळ शीतगृहात राहिलेल्या फळाचा तुराही भरवशाचा नसतो.

तुरा तयार करणं

फळ एका हाताने घट्ट धरा, दुसऱ्या हाताने तुरा बुडाशी पकडून पिळा. तो स्वच्छ सुटून येतो. सुरीने कापला तर बुडाला गर चिकटून राहतो आणि तोच गर पुढे सडतो. गर राहिलाच तर खरवडून पांढऱ्या, टणक खोडापर्यंत साफ करा.

आता खालची छोटी पानं एकेक करून सोलायची, साधारण ३ सेंटिमीटर खोड उघडं पडेपर्यंत. त्या खोडावर तपकिरी, मोहरीएवढे उंचवटे आणि काही वेळा आखूड दोरे दिसतील. ती मुळंच आहेत, पानांखाली दडून वाट पाहत असलेली. पानं सोलायचं कारण हेच: मुळांना मातीत शिरायला वाट मिळते आणि पानांच्या खाचांत ओल धरून राहत नाही.

मग तुरा सावलीत, हवेशीर जागी, उलटा किंवा आडवा ठेवून चार ते सात दिवस सुकू द्या. हवा दमट असेल तर दहा दिवसही चालतात. अननस अशा कुळातला आहे की आठवडाभर पाण्याशिवाय राहिल्याने त्याचं काही बिघडत नाही. उलट ओल्या जखमेतून बुरशी शिरली तर बूड काळं पडतं आणि महिनाभरात तुरा कोसळतो. तुरे न लागण्याचं एक मोठं कारण ही सुकवण्यातली घाई आहे.

तुरा पाण्याच्या ग्लासात ठेवून मुळं काढायची पद्धत लोकप्रिय आहे. मुळं दिसतात, गंमत वाटते, पण पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात. मातीत हलवताना मोडतात आणि झाडाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मुळं बघायची हौस नसेल तर सरळ मातीतच लावावं.

माती आणि कुंडी

अननसाची मुळं उथळ असतात आणि त्यांना हवा लागते. पाणी साचणारी माती त्याला मारते. दोन भाग बागेतली भुसभुशीत माती, एक भाग जाड वाळू किंवा पर्लाईट, एक भाग कोकोपीट आणि अर्धा भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, हे मिश्रण बरं पडतं. सामू (पीएच) ४.५ ते ६ च्या मधला, म्हणजे थोडा आम्लधर्मी हवा. चुनखडीची माती, लाकडाची राख, चुना यातलं काही मिसळू नका. सामू वाढला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही आणि नवी पानं पिवळट-पांढरी निघतात.

पहिली कुंडी १५ ते २० सेंटिमीटर व्यासाची पुरे. छोट्या तुऱ्याला एकदम मोठी कुंडी दिली तर मुळं न पोचलेली माती ओलीच राहते. सहा-आठ महिन्यांनी झाड ३० ते ३५ सेंटिमीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच खोल कुंडीत हलवायचं. ही शेवटची कुंडी. जमिनीत लावणार असाल तर १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफा करून दोन झाडांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. अंगणात एखाद-दुसरंच झाड असेल तर मोकळं ६० सेंटिमीटर ठेवा, कारण पुढे पानांचा घेर मीटरभराचा होतो.

तुरा २ ते ३ सेंटिमीटर खोल बसवून बाजूची माती बोटांनी दाबा. पोंग्यात, म्हणजे पानांच्या मधल्या गाभ्यात, मातीचा कण जाता कामा नये. एकदा पाणी द्या आणि मग वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुकेपर्यंत पुन्हा देऊ नका. पहिले काही आठवडे कोवळं ऊन किंवा विरळ सावली ठेवायची. सहा ते आठ आठवड्यांनी तुरा अगदी हलकेच ओढून पाहा. तो मातीला धरून राहिला तर मुळं फुटली. याआधी रोज ओढून बघण्याचा मोह टाळा, कारण त्यात नवी मुळं तुटतात. जुनी पानं टोकाशी सुकताना दिसतील, त्याची काळजी नको. मधून नवं, ताजं हिरवं पान निघालं की काम झालं.

पानांचं वर्ष

मुळं धरली की झाडाला भरपूर ऊन द्या, दिवसाला किमान सहा तास. सावलीतून एकदम कडक उन्हात आणू नका, दहा-बारा दिवसांत टप्प्याटप्प्याने हलवा. नाहीतर पानांवर पांढुरके चट्टे पडतात. २२ ते ३२ अंश सेल्सियस तापमानात वाढ जोमाने होते, १५ अंशांच्या खाली जवळजवळ थांबते, आणि हिम पडलं तर झाड मरतं.

या झाडाचं पाण्याचं गणित वेगळं आहे. पानांवरची रंध्रं ते मुख्यतः रात्री उघडतं, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं आणि दिवसा रंध्रं मिटून त्याच साठ्यावर अन्न तयार करतं. त्यामुळे दिवसाच्या उन्हात त्याचं पाणी फारसं उडत नाही. कुंडीतल्या मोठ्या झाडाला आठवड्यातून एकदा, फार उन्हाळ्यात दोनदा, भरपूर पाणी द्यायचं आणि मध्ये माती वाफशावर येऊ द्यायची. पोंग्यात थोडं पाणी राहिलं तर उबदार हवेत चालतं. थंड हवेत मात्र कुंडी कलंडवून ते काढून टाका.

पानांच्या बेचक्यातूनही अननस अन्न घेतो. म्हणून फवारणीचं खत त्याला छान लागू पडतं. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम घेऊन दर तीन आठवड्यांनी संध्याकाळी पानांवर फवारा. संध्याकाळीच, कारण रंध्रं तेव्हा उघडायला लागतात आणि थेंब लवकर सुकत नाही. मातीत दर दोन-तीन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत घाला. दाणेदार खत पोंग्यात टाकू नका, कोवळा कोंब जळतो. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम घेऊन पंधरवड्याच्या अंतराने दोनदा फवारा.

पानांचा रंग पाहून बरंच कळतं. सगळं झाड फिकट पिवळं आणि वाढ मंद, तर नत्र कमी. पानं लालसर, ताठ आणि आखूड, तर ऊन-थंडीचा ताण किंवा उपासमार. पानांच्या कडा आत वळून टोकं लोंबायला लागली आणि रंग तांबूस-पिवळा झाला, तर बुडाशी पिठ्या ढेकूण शोधा. खालच्या पानांच्या खाचेत कापसासारखे पांढरे पुंजके दिसतील आणि शेजारी मुंग्यांची ये-जा असेल. मुंग्या ढेकणांचा गोड स्राव पितात, त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात आणि सांभाळतात. ढेकणांबरोबर मर रोगाचे विषाणूही पसरतात. म्हणून आधी मुंग्यांचा बंदोबस्त, मग ढेकूण. ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण लिटरभर पाण्यात घुसळून खाचांत फवारा, दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने पोंगा धुऊन काढा, आणि आठवड्याने पुन्हा करा.

मधली पानं ओढताच निघून आली, बूड पांढरट-तपकिरी, लिबलिबीत आणि वास मारणारं असेल, तर ती पोंगासड. तिच्यावर खात्रीचा इलाज नाही. सडलेला भाग काढून माती कोरडी ठेवली तर खोडातून एखादा फुटवा येतो, तेवढीच आशा. शेजारची झाडं वाचवायची असतील तर निचरा सुधारा.

फुलाकडे वळवणं

झाडाची सगळी पानं दोन्ही हातांनी वर गोळा करून धरा. सर्वांत उंच जाणारं पान मोजा. ते ६० ते ७० सेंटिमीटर भरलं आणि एकूण पानं ३५ ते ४० झाली की झाड तयार आहे. कुंडीत ३० पानांवरही फूल येतं, पण फळ लहान राहतं.

तयार झाड दिवस लहान झाले आणि रात्री गार पडू लागल्या की आपणहून फुलतं. ही वाट पाहण्याची तयारी असेल तर तेच उत्तम. मात्र नेमकं कधी फुलेल ते सांगता येत नाही, आणि लहान झाडं थंडीच्या ताणाने अवेळी फुलतात तेव्हा मुठीएवढं फळ हाती येतं.

हवं तेव्हा फुलवायचं तर इथिलीन वायू लागतो. एकोणिसाव्या शतकात अझोर्स बेटांवरच्या काचगृहांत असं दिसलं की धूर कोंडला की अननस एकदम फुलायला लागतात. त्या धुरातला कामाचा घटक म्हणजे इथिलीन. पिकणारं सफरचंदही तोच वायू सोडतं. घरचा प्रयोग असा: पोंग्यातलं पाणी काढून टाका, एक-दोन पिकलेली सफरचंदं चिरून कुंडीत बुडाशी ठेवा, पारदर्शक मोठी पिशवी संपूर्ण झाडावर घालून कुंडीला बांधा, आणि झाड चार ते सात दिवस सावलीत ठेवा. उन्हात ठेवलं तर पिशवीत पानं शिजतील. नंतर पिशवी आणि फळ काढून झाड पुन्हा उन्हात. दोन महिन्यांत काही दिसलं नाही तर पुन्हा करा. फार उकाड्यात हा उपाय कमी लागू पडतो, गार दिवस निवडावेत.

झाडं जास्त असतील तर इथेफॉन हे इथिलीन सोडणारं औषध वापरतात. बाजारातलं ३९ टक्क्यांचं द्रावण फार तीव्र असतं, म्हणून दोन टप्प्यांत पातळ करायचं. १ मिलि औषध १ लिटर पाण्यात मिसळा. त्यातलं ६५ मिलि घेऊन पुन्हा पाण्याने १ लिटर करा. हे साधारण २५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २५ भाग, झालं. त्यात २० ग्रॅम युरिया आणि ०.४ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट घाला. युरियामुळे औषध पानात शिरतं, कार्बोनेटमुळे इथिलीन सुटायला मदत होते. प्रत्येक झाडाच्या पोंग्यात ५० मिलि ओता, संध्याकाळी, पाऊस नसलेल्या दिवशी. द्रावण त्याच दिवशी वापरा, मूळ औषध आम्लधर्मी आहे, हातमोजे घाला. कॅल्शियम कार्बाइडही काम करतं, पण ओलं झालं की त्यातून ज्वलनशील वायू सुटतो. घराच्या आसपास ते नकोच.

फूल बघणं

इथिलीन दिल्यावर पाच ते सात आठवडे वरून काही दिसत नाही, पण आत बदल झालेला असतो. पहिली खूण म्हणजे मधली पानं एकाएकी आखूड निघायला लागतात आणि पोंगा रुंदावतो. मग एके दिवशी वरून डोकावलं तर तळाशी रुपयाच्या नाण्याएवढी लालबुंद चकती दिसते. हाच फुलोरा. लाल दिसतात ती सहपत्रं, प्रत्येकाच्या काखेत एक कळी. त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा आणि इथून पुढे रोज एकाच कोनातून फोटो काढा.

पुढच्या तीन-पाच आठवड्यांत दांडा वर सरकतो आणि फुलोरा लाल शंकूसारखा पानांतून बाहेर येतो. गार हवेत याहून वेळ लागतो. पहिली जांभळी टोकं नेहमी तळाशी दिसतात, टोकाकडे नव्हे. फुलं खालून वर उमलत जातात, पण एका कड्यातली सगळी एकाच दिवशी उमलत नाहीत. एका सकाळी दोन, दुसऱ्या सकाळी सात, असं चालतं, बहुधा दहाच्या आत. सगळा फुलोरा संपायला तीन ते चार आठवडे लागतात.

एक फूल एकच दिवस टिकतं. पहाटे उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मलूल होतं. म्हणून सकाळी लवकर, दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन बसा. पाकळ्या तीनच, साधारण २ सेंटिमीटर लांब, बुडाशी पांढऱ्या आणि वरच्या अंगाला निळसर जांभळ्या. त्या जास्वंदीसारख्या पसरत नाहीत, नळीसारख्या उभ्या राहून फक्त टोकाशी किंचित उघडतात. त्यामुळे घाईत पाहणाऱ्याला ती कळीच वाटते. चिमट्याने एक पाकळी हलकेच बाजूला करा. आत दोन फेऱ्यांत सहा पुंकेसर, मधून वर आलेला स्त्रीकेसर आणि त्याचं तीन भागांत दुमडलेलं टोक दिसेल. तळाशी मधाचा थेंब असतो. मुंग्या आणि मधमाश्या त्याच्यासाठीच येतात. अननसाच्या मूळ प्रदेशात, दक्षिण अमेरिकेत, परागीभवनाचं काम हमिंगबर्ड करतात. हवाईत हे पक्षी आणायला बंदी घातली गेली, कारण परागीभवन झालं तर अननसात बिया धरतील.

एकाच वाणाचे पराग त्याच वाणाच्या फुलावर पडले तर बी धरत नाही. अननस स्वतःचे पराग ओळखून रोखतो, आणि एका वाणाची सगळी झाडं एकाच झाडाची प्रतिरूपं असतात. फळ मात्र परागाशिवायच भरतं. क्यू आणि क्वीन असे दोन वेगळे वाण एकाच वेळी फुललेले असतील तर एक सुंदर प्रयोग करता येतो. सकाळी एकाचे पराग मऊ, कोरड्या ब्रशने दुसऱ्याच्या स्त्रीकेसरावर टेकवा आणि त्या फुलाच्या सहपत्रावर कायम शाईचा ठिपका द्या. फळ पिकल्यावर नेमक्या त्याच डोळ्यांखाली, सालीजवळ, तपकिरी कठीण बिया सापडू शकतात.

रोजच्या नोंदीत तीन गोष्टी पुरेत: तारीख, उमललेल्या फुलांची संख्या, आणि ती फुलोऱ्याच्या कोणत्या उंचीवर आहेत. फुलं संपल्यावर बेरीज करा. ती बेरीज म्हणजे तुमच्या फळाच्या डोळ्यांची संख्या. नंतर डोळ्यांच्या तिरक्या रांगा मोजून पाहा. एका दिशेने, कमी चढाच्या, बहुधा ८ भरतात आणि दुसऱ्या दिशेने, जास्त चढाच्या, १३. मोठ्या फळावर आणखी उभट अशा २१ रांगाही दिसतात. मोजणी सुरू केलेल्या रांगेवर दोरा बांधा, नाहीतर हमखास चुकते.

फुलं चालू असताना फुलोऱ्यावर खत किंवा कीटकनाशक फवारू नका. पाणी मातीत द्या, आणि या काळात माती पूर्ण कोरडी पडू देऊ नका.

फुलानंतर

पाकळ्या सुकून डोळ्यातच अडकतात, सहपत्रांची लाली ओसरते, फळ हिरवं होतं. फुलोऱ्याच्या टोकाचा कोंब फुलं देऊन संपत नाही, तो पुन्हा पानं काढू लागतो आणि तोच नवा तुरा. शेवटच्या फुलापासून फळ पिकायला साधारण चार ते पाच महिने लागतात. फळ जड होऊन कलायला लागलं तर काठी रोवून दांडा सैल बांधा. कललेल्या फळाच्या वरच्या बाजूला उन्हाचा चट्टा पडतो, त्यावर वाळलं गवत किंवा जुनं कापड टाका. दांड्यावर पिल्लं फार झाली तर एक-दोन ठेवून बाकी काढा.

डोळे टोकदार होते ते चपटे होतात, पिवळा रंग बुडाकडून वर चढतो आणि बुडाशी गोड वास येतो, तेव्हा फळ तयार. काढल्यानंतर अननस मऊ पडतो, रंगही बदलतो, पण गोडी वाढत नाही, कारण साखरेत बदलेल असा स्टार्चचा साठा त्याच्यात नसतो. घरचं फळ निदान अर्धं पिवळं होईपर्यंत झाडावर राहू द्या.

फळ काढलं की मूळ खोडाचं काम संपतं. त्याची जुनी पानं छाटून बुडातला एकच जोमदार फुटवा खोडवा म्हणून ठेवा आणि बुडाशी मातीची भर द्या, कारण हे फुटवे खोडावर उंचावर येतात आणि भर नसेल तर कलंडतात. खोडव्याला तयार मुळं मिळाल्यामुळे तो तुऱ्यापेक्षा बराच लवकर फुलतो. फळ मात्र पहिल्यापेक्षा थोडं लहान असतं. बाकीचे फुटवे २५ ते ३० सेंटिमीटरचे झाले की पिळून काढा, आठवडाभर सुकवा आणि वेगळ्या कुंड्यांत लावा.